रत्नगर्भेची रिकामी ओंजळ

यंदा आमच्या महाविद्यालयाच्या नव्या ग्रंथालयाचे बांधकाम चालू आहे. एके दुपारी तास संपवून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा सळया वाकवणारा एक तरुण सावलीत डबा खात बसला होता. सहज गाव विचारले. ‘धनबादकडचा,’ तो म्हणाला. चार पावले पुढे गेल्यावर माझ्या मित्राने शेरा मारला, ‘आता यांचेही लोंढे येऊ लागले!’ मी काही बोललो नाही. पण तो शेरा मनातून जाईना. कारण त्याच सकाळी सरांनी फळ्यावर भारतातील खनिजांचा नकाशा काढला होता आणि त्यातल्या खुणांची सर्वांत दाट गर्दी याच मुलाच्या प्रांतावर झाली होती.

तो प्रांत झारखंड. देशातील कोळशाच्या साठ्याचा सुमारे चौथा हिस्सा तेथे आहे. पोलादाच्या भट्टीला लागणारा उत्तम कोळसा मुख्यतः झरियाच्या पट्ट्यात सापडतो. सिंहभूमच्या नोआमुंडी-किरीबुरू भागात लोहखनिज, जादुगुड्याला युरेनियम, कोडरम्याला अभ्रक. जंगलात लाख आणि टसर रेशीम आहे ते वेगळेच. साकचीच्या माळावर 1907 साली स्थापन झालेल्या टाटांच्या कंपनीने 1912 साली पोलाद काढले आणि पुढे तेथे जमशेदपूर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर सिंद्रीला खताचा, रांचीला अवजड यंत्रांचा आणि बोकारोला पोलादाचा कारखाना आला. एवढे सारे पदरात असलेला प्रांत श्रीमंत असावयास हवा, नव्हे काय?

वस्तुस्थिती उलट आहे. नीती आयोगाच्या 2023 च्या अहवालानुसार झारखंडमधील 28.81 टक्के लोक बहुआयामी दारिद्र्यात आहेत; याहून वाईट स्थिती फक्त बिहारची. झरियाच्या पोटात 1916 साली आढळलेली आग शंभर वर्षे उलटली तरी धुमसतेच आहे. त्याच भागात सायकलीवर कोळशाची पोती लादून ती मैलोगणती ढकलत नेणारी माणसे दिसतात. कोळशाच्या राजधानीत पोटासाठी कोळसा असा वाहावा लागतो!

‘तेथील राज्यकर्तेच नालायक,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. त्यांचा दोष मी नाकारत नाही. 15 नोव्हेंबर 2000 रोजी वेगळे राज्य झाले, सत्ता रांचीत आली, तरी गावे अंधारात राहिली याचा जाब त्यांना द्यावाच लागेल. परंतु दोष तेवढ्यावर संपत नाही.

1950 नंतरच्या दशकात केंद्र सरकारने पोलादासारख्या मालासाठी समान वाहतूक दराचे धोरण आणले. त्यामुळे जमशेदपूरचे पोलाद मुंबई-पुण्याच्या कारखानदाराला जवळजवळ जमशेदपूरच्याच भावात मिळू लागले. मग कारखाना खाणीजवळ कोण काढणार? बंदर, बाजारपेठ आणि भांडवल आपल्याकडे होतेच. त्यात पोलादही घरपोच आले. कापसाला मात्र हा नियम लागू नव्हता. म्हणजे आपला कापूस स्वस्तात तिकडे गेला नाही, त्यांचे पोलाद मात्र इकडे आले. हे धोरण नव्वदीच्या दशकाच्या आरंभी गुंडाळले गेले, तोवर चाळीस वर्षे निघून गेली होती. महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीत आपल्या माणसांचे कर्तृत्व मोठे आहे. पण त्या प्रगतीत छोटा नागपूरच्या पठाराचाही वाटा आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यावयास हवे.

माझे म्हणणे एवढेच, की खनिज ज्या भूमीतून निघते तेथे केवळ खड्डा उरू नये. 2015 पासून प्रत्येक खाणजिल्ह्यात स्थानिकांसाठी निधी ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले. 25 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खनिजहक्कांवर कर बसवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. ही पावले योग्यच आहेत. पण निधीतून नुसत्या इमारती आणि कमानी उभ्या राहिल्या, तर काय साधेल? त्या पैशातून विस्थापितांच्या मुलांना शिक्षण मिळावे आणि कच्च्या मालाचा पक्का माल तेथेच व्हावा. मग रोजगार शोधत दीड हजार किलोमीटर जाण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाही.

उद्या हे ग्रंथालय पुरे होईल आणि त्यात बसून आपण अर्थशास्त्राची पुस्तके वाचू. त्या सळईतले लोखंड झारखंडचे असेल वा नसेल. ती वाकवणारे हात निश्चित तिथले होते. माझ्या मित्राला त्या दुपारी उत्तर दिले नाही, ते आज या पानावर देतो. गड्या, तो मुलगा आपल्या दारी मागायला आलेला नाही. त्याच्या प्रांताचे देणे आपल्याकडे बरेच थकले आहे. ते फेडणे आपल्या हाती नसेल, तर निदान त्याचे नाव तरी विचारू या.