कोपऱ्यातली फट

मंडळी, यंदा या सदरात बुद्धिबळाला सुट्टी; ‘गो’कडे वळू या. उभ्या-आडव्या १९ रेघा, ३६१ छेदबिंदू, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. जास्त जागा वेढेल तो जिंकतो. डाव कोपऱ्यांतून सुरू होतो, कारण तिथे पटाच्या दोन कडा आयतंच कुंपण घालून देतात. तिथल्या ठरीव चालींना जपानीत ‘जोसेकी’ म्हणतात. दोघांनाही परवडेल असा कोपऱ्याचा व्यवहार!

जुनी शिकवण अशी, की समोरच्याची सोंगटी कोपऱ्यात दोन्ही कडांपासून चौथ्या रेघेवर असेल, तर तिच्या खाली, तिसऱ्या रेघांच्या छेदावर, सुरुवातीलाच घुसू नये. आत थोडी जागा मिळते, पण त्याची बाहेर भक्कम भिंत उभी राहते. २०१६ साली सोलमध्ये अल्फागो या संगणकानं ली सेडॉलला ४–१ हरवलं. २०१७च्या सुरुवातीला त्याच्या सुधारित आवृत्तीच्या डावांत नेमकी हीच घुसखोरी अगदी लवकर दिसली, आणि जगभरचे व्यावसायिक खेळाडू चक्रावले.

मेख शेवटच्या चालींत आहे. पूर्वी आतला खेळाडू दुसऱ्या रेघेवर सोंगटी पुढे सरकवून मागे जोडून घेई. त्याला उत्तर देता देता समोरच्याची भिंत पक्की होई. संगणकानं ती देवघेव केलीच नाही. भिंतीतली फट तशीच ठेवून तो दुसऱ्या कोपऱ्यात निघून गेला.

आता अमेरिकेतल्या डेव्हिड वू यांनी २०१९मध्ये खुला केलेला ‘कटागो’ घरोघरी फुकट आहे. आमचे चिरंजीव (वय १३) त्यावर नवे जोसेकी घोकतात. पण तो चालीपुढे जिंकण्याचे टक्के दाखवतो, कारण सांगत नाही. क्लबात समोरचे काका तिसऱ्याच चालीला ठरलेली वाट सोडतात, आणि पाठांतर तिथेच संपतं.

“ही चाल का?” असं विचारलं, तर चिरंजीव म्हणाले, “कटागो म्हणतो म्हणून.” आमच्या लहानपणी ‘आजोबा म्हणतात म्हणून’ असायचं, अधिकारी बदलला, उत्तर तेच. तेव्हापासून घरात नियम आहे: टक्के झाकायचे, आधी कारण सांगायचं, मग पडदा उघडायचा. मुलांना गो शिकवत असाल तर करून पाहा. वेळ लागतो, मुलं कुरकुरतात.

परवा मात्र न विचारता उत्तर आलं, “बाबा, फट आहे तोवर ती भिंत त्याच्या कामाची नाही. मी कशाला बुजवून देऊ?”