उरल्यासुरल्याची चव



अमेरिका म्हटले की मोठमोठे ट्रॅक्टर आणि शेकडो एकरांची शेते आपल्या डोळ्यांपुढे येतात. आज मात्र तेथील लहान गावांतल्या साध्या खाणावळीविषयी सांगतो. तिला डायनर म्हणतात.

१८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा गृहस्थ रात्री घोडागाडीतून खाद्यपदार्थ विकू लागला. रात्रपाळी करणारे वृत्तपत्राचे कामगार ही त्याची गिऱ्हाइके. पुढे अशा खाणावळी कारखान्यात आयत्या तयार होऊ लागल्या. रेल्वेच्या डब्यासारखी लांबट खोली, आत लांब ओटा, ओट्यापुढे उंच स्टुले. तव्यावर काय भाजले जाते, ते समोरच दिसते.

तेथील नावाजलेले पदार्थ पाहा. पेनसिल्व्हेनियात स्क्रॅपल मिळते. तेथील जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांकडे डुक्कर कापले की मांसाचे बारीकसारीक तुकडे उरत. ते शिजवून त्याच पाण्यात मक्याचे पीठ घालून घोटायचे, साच्यात थापायचे, आणि घट्ट झाले की काप करून तव्यावर परतायचे. माळकरी मंडळींनी नाक मुरडू नये. त्यामागची काटकसर तेवढी पाहावी. दक्षिणेकडे न्याहारीला ग्रिट्स, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या कण्या. इंडियानात साखर, साय आणि पीठ यांची गोड पाय करतात. हिवाळ्यात साठवणीतली सफरचंदे संपली, की घरात असेल त्यातून गृहिणी ती करीत. २००९ साली त्या राज्याच्या सिनेटने ठराव करून तिला राज्याची पाय म्हणून मान दिला.

म्हणजे हे पदार्थ शेतकऱ्याच्या घरातले, अडचणीतून सुचलेले. शिवारात जे पिकले आणि घरात जे उरले, त्यातून ते झाले.

१९५६ च्या कायद्याने तेथे मोठे महामार्ग बांधले गेले. वाहने गावाबाहेरून जाऊ लागली. महामार्गाच्या कडेला सगळीकडे एकाच चवीची खाणावळ आली, आणि जुन्या रस्त्यावरची कितीतरी डायनर बंद पडली. टिकलेल्या डायनरमध्ये लोक आजही वाट वाकडी करून जातात, ते दुसरीकडे न मिळणाऱ्या चवीसाठी.

भगिनींनो, तुमच्या सासूबाई टंचाईच्या दिवसांत एखादा पदार्थ करीत असतील. तो गरिबीचा म्हणून टाकून देऊ नका. त्यांना आजच विचारा, प्रमाण वहीत लिहून ठेवा आणि लेकीसुनांना शिकवा. एकदा विसरलेली चव पुन्हा हाताला लागत नाही.