पेनाने देता येणारी उत्तरे

सरकारी लेखापरीक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गाचे वेळापत्रक या आठवड्यात पाहण्यात आले. संगणक प्रणाली, माहितीचे विश्लेषण, कृत्रिम बुद्धिमत्ता, अहवालाचा मसुदा असे सगळे विषय त्यात होते. समोर बसलेल्या शाखा अभियंत्याला, ग्रामसेवकाला किंवा भांडारपालाला प्रश्न कसा विचारायचा, आणि त्याने तो टाळला तर पुढचा प्रश्न कोणता, यासाठी मात्र एक तासही नव्हता. या स्तंभाची ही तक्रार जुनी आहे. वेळापत्रके बदलत नाहीत, तेव्हा तक्रारही चालूच राहील.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांसाठीच्या 1971 च्या कायद्यात कलम 18 आहे. त्यानुसार कार्यालय तपासता येते, कागदपत्रे मागवता येतात आणि आवश्यक वाटतील ते प्रश्न कार्यालयप्रमुखाला विचारता येतात. पहिले दोन अधिकार रोज वापरले जातात. तिसरा अर्धसमास पत्रात अडकून पडला आहे. कागदाच्या डाव्या अर्ध्या भागात आक्षेप, उजव्या अर्ध्या भागात खुलासा.

डावीकडे लिहिलेले असते, ‘मोजमाप पुस्तिकेत तपासणीची तारीख नाही, खुलासा व्हावा.’ काही दिवसांनी उजवीकडे उमटते, ‘तारीख नजरचुकीने राहिली होती, आता नोंदवली आहे, सबब परिच्छेद वगळण्यात यावा.’ प्रश्नच असा होता की त्याचे उत्तर पेनाने देता आले. त्याऐवजी समोरासमोर बसून विचारायला हवे होते : मोजणी कोणत्या दिवशी झाली? जागेवर कोण कोण होते? कोणत्या गाडीने गेला होता? उत्तर लिहून त्याखाली सही घ्यायची आणि मग त्या दिवसाचे जीपचे लॉगबुक व फिरतीची दैनंदिनी शेजारी उघडायची. अभियंता खरा असेल तर त्याची सुटका तिथल्या तिथे होते. जीप त्या दिवशी दुसऱ्याच तालुक्यात असेल, तर पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

या फरकाचा सर्वांत मोठा धडा कोणत्याही अकादमीत दिला गेला नाही. तो 2 डिसेंबर 1994 रोजी राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील कोटकिराना गावात, मजदूर किसान शक्ती संघटनेच्या पहिल्या जनसुनावणीत मिळाला. तिथे विकासकामांची मस्टर रोल, म्हणजे आपल्याकडचे हजेरीपट, आणि बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. नाव पुकारले, दिवस आणि मजुरी वाचली, आणि माणसाला विचारले : तू कामावर होतास का? पैसे मिळाले का? कधीच कामावर न गेलेल्यांची नावे त्यात निघाली. पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र असलेली इमारत गावाच्या डोळ्यांसमोर अर्धवट उभी होती.

कागद तेच होते. बेरजा जुळतात का, अंगठे आहेत का, साक्षांकन झाले का, असे लेखापरीक्षक त्यांना विचारतो, आणि बनावट हजेरीपट या सगळ्या कसोट्यांना उतरतो, कारण तो त्यासाठीच बनवलेला असतो. कोटकिरानात प्रश्न कागदाला नव्हता, कागदावर ज्याचे नाव होते त्याला होता. ज्याने अंगठा दिलाच नाही अशा माणसाला शिकवून ठेवणार कोण? शिवाय प्रश्न सगळ्यांसमोर होता, त्यामुळे खोटे बोलणाऱ्याला शेजारीच अडवत. अशा सुनावण्यांना अधिकाऱ्यांनाही बोलावले जाई, त्यांना बाजू मांडू दिली जाई. ‘लेखापरीक्षक म्हणजे पोलीस नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. उलट, प्रश्न विचारता न येणारा लेखापरीक्षक हाताशी सापडलेल्या कनिष्ठ लिपिकावर आक्षेप ठेवून मोकळा होतो, आणि सही करायला लावणारा वरचा माणूस नामानिराळा राहतो.

पुढे 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कलम 17 मध्ये ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला आणि 2011 मध्ये त्याचे नियम महालेखापरीक्षकांशी सल्लामसलत करून आले. म्हणजे महालेखापरीक्षकांच्या संस्थेला ही पद्धत परकी नाही. 1977 मध्येच रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला तर हजेरीपट म्हणजे काय, हे कोणी शिकवायला नको. तरीही गावात विचारायचा प्रश्न आणि कार्यालयात विचारायचा प्रश्न यांची गाठ पडत नाही.

संगणकाला विरोध नाही. आयुष्मान भारत योजनेवरच्या महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी 9999999999 या एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले, ते यंत्राशिवाय दिसले नसते. पण तो क्रमांक कोणी भरला, कोणी मान्य केला, कोणाच्या सांगण्यावरून, हे माणसालाच विचारावे लागते. चारा घोटाळ्यात पशुसंवर्धन खात्याचा तरतुदीपेक्षा कितीतरी जास्त खर्च वर्षानुवर्षे आकड्यांत दिसत होता. तरी जानेवारी 1996 मध्ये चाईबासाचे उपायुक्त अमित खरे स्वतः खात्याच्या कार्यालयांत धडकले, तेव्हाच प्रकरण फुटले. पुढे बिलांवरचे ट्रकांचे क्रमांक परिवहन खात्याच्या नोंदीत स्कूटर आणि रिक्षांचे निघाले. एक साधा प्रश्न, दुसऱ्या खात्याच्या नोंदवहीला विचारलेला.

म्हणून मागणी सरळ आहे. शिमल्याच्या राष्ट्रीय अकादमीत, मुंबई-नागपूरच्या प्रादेशिक संस्थांत आणि राज्याच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागात प्रश्न विचारण्याचा सराव व्हावा. एकाने अभियंता व्हावे, दुसऱ्याने लेखापरीक्षक, बाकीच्यांनी ऐकावे. ‘रक्कम बरोबर आहे ना?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न तिथेच थांबवावेत. उत्तर मिळेपर्यंत गप्प बसायलाही शिकवावे लागते. आणि प्रत्येक खुलाशावर, या स्तंभाने वारंवार म्हटल्याप्रमाणे, उत्तर देणाऱ्याचे नाव हवे. ‘कार्यालयाने कळविले आहे’ हे कोणाचेच उत्तर नसते. परिच्छेद लोकलेखा समितीपर्यंत पोहोचेपर्यंत त्या खुर्चीतली माणसे बदललेली असतात.

हीच शिस्त विचारणाऱ्यालाही लागू व्हावी. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली परदेशी लेखापरीक्षकांच्या पथकाने आपल्या महालेखापरीक्षकांच्या संस्थेच्या कामाची तपासणी केली. संस्थेने स्वतःला तपासू दिले, ही मोठी गोष्ट होती. मात्र जिल्ह्याच्या पातळीवर आक्षेप घेतला कोणी, वगळला कोणी आणि कोणत्या पुराव्यावर, हे आजही करदात्याला दिसत नाही. वगळलेल्या प्रत्येक परिच्छेदाची यादी कारण आणि सहीसह दरवर्षी प्रसिद्ध करावी. सुरुवात जिल्हा परिषदांपासून करता येईल, कारण तिथली उजवी बाजू सर्वांत लवकर भरते.