चिखलाची वाटी

परवा दवाखान्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या. "डॉक्टर, हा दुधाला शिवत नाही. चॉकलेट दाखवलं तरच दोन घोट घेतो." अशा वेळी पूर्वी मी चिठ्ठीवर 'चॉकलेट बंद' लिहून मोकळा होत असे. बंद काही होत नसे. मुले चोरून खात आणि किडका दात घेऊन परत येत. म्हणून हल्ली मी पाककृतीच सांगतो.

अर्धा लिटर दूध घ्या. त्यातल्या वाटीभर गार दुधात २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर व तेवढीच कोको पावडर कालवा. गुठळ्या मोडण्याचे काम मुलांना द्या. उरलेल्या दुधात ६ लहान चमचे साखर घालून उकळा. आच मंद करून मिश्रण ओता, दाट होईपर्यंत ढवळा. चार वाट्यांत गार करा. वर शेंगदाण्याचा कूट ही 'माती', पुदिन्याचे पान हे 'रोप'. झाला चिखल! शेंगदाण्याचे वावडे असल्यास कूट टाळावा.

वाटीमागे साखर दीड चमचा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ साली २ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वरच्या साखरेची दिवसाची मर्यादा २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ६ चमचे सांगितली. दोन वर्षांखाली वरची साखर नकोच.

हा पदार्थ रोजचा नव्हे, आणि लाच म्हणून तर मुळीच नको. 'दूध पी, मग चॉकलेट' म्हटले की दूध ही शिक्षा ठरते. वाटी संपल्यावर खळखळून चूळ मात्र भरायला लावा.