सावळ्या रंगाची लाज कशाला?

बौद्ध वधू-वर मेळाव्यांतील परिचयपत्रे चाळा. शिक्षण, नोकरीबरोबर 'रंग' हा रकाना अजून दिसतो आणि सावळ्या मुलीचे पालक त्यात 'निमगोरी' लिहून मोकळे होतात. त्या एका शब्दापायी मुलीने आरशासमोर स्वतःला किती कोसले असेल! बेसन झाले, हळद झाली, मग क्रीम. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढला. आमचा रकाना मात्र तसाच. चिठ्ठीविना आणलेली स्टिरॉइडची मलमे तर चेहऱ्याची कातडीच पातळ करतात. स्वतःच्या पायावर उभे राहिल्यावर अनेकींना आपला चेहरा आपलासा वाटू लागतो, पण तोवर पंधरा-वीस वर्षे गेलेली असतात.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि चांदी-कथलाचे दागिने टाकायला सांगितले, कारण त्यावरून अस्पृश्यता ओळखली जात होती. ती लादलेली खूण होती, म्हणून टाकता आली. कातडीत टाकण्यासारखे काय आहे? जातीची उतरंड नाकारणाऱ्यांनी रंगाची उतरंड घरात का सांभाळावी?

आयोजकांनी येत्या मेळाव्यात हा रकानाच छापू नये. आणि आयांनो, 'उन्हात जाऊ नको, काळी पडशील' हे लेकीला सांगणे आजपासून बंद करा. तिला मैदानावर जाऊ द्या.