डोळ्यांचा ताल, कानांचा ताल

हातात मावणाऱ्या खेळयंत्रावर मान वाकवून बसलेला मुलगा दिसला की तो वेळ फुकट घालवीत आहे, असा निवाडा वडीलधारी मंडळी तत्काळ देतात. पुष्कळदा तो योग्यही असतो. तथापि संगीताच्या तालावर खेळावयाच्या खेळांना तो सरसकट लागू करणे अन्यायाचे होईल. या खेळांचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील भेद निदान शिक्षकांनी तरी ध्यानात घ्यावयास हवा.

पहिल्या प्रकारात पडद्यावरून बाण अथवा ठिपके सरकत येतात आणि ते ठरावीक रेषेवर पोहोचताच बटण दाबावयाचे असते. गाणे चालू असते खरे. पण आवाज बंद केला तरी खेळ बव्हंशी तसाच चालतो. यास संगीताची गोडी म्हणावयाचे, तर टंकलेखनालाही साहित्यसेवा म्हणावे लागेल.

दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे जपानच्या निंटेंडो कंपनीने २००६ साली ‘गेम बॉय अॅडव्हान्स’ या यंत्रासाठी काढलेला ‘रिदम तेंगोकू’. मूळ कल्पना गायक व संगीतनिर्माते त्सुंकू यांची. त्यातील एका खेळात तिघे जण टाळ्या वाजवितात. पहिल्या दोन टाळ्यांमध्ये जेवढे अंतर, तेवढेच राखून तिसरी टाळी खेळणाऱ्याने द्यावयाची. आणि हे अंतर मध्येच बदलते. केवळ पडद्याकडे पाहून हे साधत नाही; डोळे मिटले तर उलट सोपे जाते. हातावर टाळी-खाली धरून मात्रा मोजणाऱ्या तबल्याच्या विद्यार्थ्याला याचे मर्म निराळे सांगावयास नको. खेळ चालू असता गुणांचे आकडे पडद्यावर नाचत नाहीत. निकाल कळतो तो शेवटी. शिवाय तीनदा अपयश आले तर खेळातील उपाहारगृहाचा मालक तो भाग वगळून पुढे जाण्याची मुभा देतो. आपल्या परीक्षा मंडळांना असे काही सुचण्याचा संभव कमी!

लहान यंत्राचा येथे एक लाभही आहे. मोठ्या आधुनिक दूरचित्रवाणी संचावर चित्र किंचित उशिरा उमटते, बिनतारी इअरफोनमध्ये आवाज उशिरा पोहोचतो. बातम्या ऐकताना हा विलंब कोणाच्या लक्षातही येत नाही. तालाचा मात्र तो घात करतो. पडदा, बटणे आणि ध्वनिवर्धक एकाच डबीत असले की ही अडचण बरीच उणावते.

अर्थात या खेळाची मर्यादाही उघड आहे. कसलेला गायक क्षणभर मागे रेंगाळतो आणि मग समेवर येतो. त्यातले सुख यंत्राला कळत नाही. त्याच्या लेखी मागे राहणे म्हणजे केवळ चूक. संगीतशिक्षकाची जागा ते घेईल, असे कोणी समजू नये. मात्र त्याचा जनक संगीत जगलेला माणूस आहे. कर्करोगामुळे स्वरतंतू काढावे लागल्याचे त्सुंकू यांनी एप्रिल २०१५ मध्ये किन्की विद्यापीठाच्या प्रवेश समारंभात जाहीर केले, ते पडद्यावरील लेखी मजकुराने. त्याच वर्षी जूनमध्ये या मालिकेतील पुढचा खेळ जपानमध्ये बाजारात आला.

तेव्हा मुलाच्या हातून यंत्र हिसकावून घेण्यापूर्वी पालकांनी त्याचा आवाज तेवढा बंद करून पाहावा. मुलगा तसाच खेळत राहिला, तर यंत्र खुशाल काढून घ्यावे. तो अडखळला, तर आवाज पुन्हा चालू करावा आणि घटकाभर शेजारी बसून ऐकावे.