गांजावरील कर आणि वऱ्हाडचा शेतकरी

अकोल्याच्या जुन्या शहरात गांजा पकडला, दोघांना कोठडी, अशा चार ओळी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर अधूनमधून येतात आणि वाचक त्यांवरून नजर फिरवून पुढे जातो. गांजा मोर्णेच्या पश्चिम काठावरच मिळतो आणि पूर्वेकडील बंगल्यांत त्याचे नावही नाही, असे अर्थातच नव्हे; परंतु पकडला जातो तो बहुधा हमाल, रिक्षावाला किंवा बेकार तरुण. या चार ओळींमागे मोठा व्यापार उभा आहे. आंध्र व ओडिशाच्या सीमेवरील डोंगराळ पट्ट्यात पिकलेला माल रेल्वेने आणि ट्रकने विदर्भात उतरतो, हातोहात महाग होत जातो आणि सरकारच्या तिजोरीत त्यातला छदामही पडत नाही. तेव्हा हा व्यापार उघड करून त्यावर कर का बसवू नये, असा प्रश्न सुशिक्षितांप्रमाणेच आता शेतकरीही विचारू लागला आहे. मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली होती. कोणत्याच पिकाला खात्रीचा भाव नाही, हे त्याचे कारण. अर्जात उपरोध होता. तथापि कापूस आणि सोयाबीनने पोळलेल्या वऱ्हाडात तो अर्ज कित्येकांनी गांभीर्याने वाचला असेल.

वस्तुतः कर देणारा गांजा वऱ्हाडाला नवा नाही. इंग्रजी अमलात येथे परवान्याच्या दुकानांतून तो विकला जाई आणि विक्रीच्या मक्त्याचे लिलाव होत. शेजारच्या मध्यप्रांतात खांडव्याच्या आसमंतात त्याची नियंत्रित लागवड होती व पीक सरकारी देखरेखीच्या गोदामात जात असे. १८९३ मध्ये नेमलेल्या हेंप ड्रग्ज कमिशनने ११९३ साक्षीदार तपासले. त्यांत वऱ्हाडातलेही होते. संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही, असे त्या कमिशनने १८९४ मध्ये सांगितले. लागवड परवान्याने व मोजक्या ठिकाणी करावी, वजनावर ठराविक शुल्क घ्यावे, शिवाय विक्रीचा हक्क लिलावाने द्यावा, दुकाने थोडी ठेवावीत, जवळ बाळगण्याची मर्यादा पाच तोळे असावी, या त्याच्या शिफारशी. परकी सरकारला महसूल हवा होता हे खरेच, पण उत्पन्न वाढविण्याचे आणि सेवन आवरण्याचे साधन एकच असू शकते, हे त्याने ओळखले होते.

मात्र या जुन्या व्यवस्थेकडे बोट दाखविणारे तिच्यातील एक अट विसरतात. लागवड मोजक्यांचीच होती. बंगालमधील नौगावचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तेथे गांजा उत्पादकांची सहकारी संस्था १९१७ मध्ये उभी राहिली आणि शेतकऱ्याच्या हाती खरोखरच पैसा आला. कारण परवाना नौगावच्या थोड्या भूभागालाच होता. शेजारच्या गावांना तो असता, तर तेवढा भाव टिकला नसता. गांजाचा आजचा भाव हा झाडाचा गुण नव्हे. ते कोणत्याही बांधावर फोफावते. भाव आहे तो बंदीचा, पकडले जाण्याच्या जोखमीचा, आणि त्यातला मोठा वाटा वाहतूक करणाऱ्या टोळ्यांकडे जातो. बंदी उठताच तो भाव खाली येतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून खुली विक्री सुरू झाली. तेथे २०२१ च्या आरंभी पौंडाला १७०० डॉलरच्या आसपास असलेला घाऊक दर २०२३ मध्ये ७०० डॉलरच्या घरात आला आणि अनेक उत्पादकांना टाळे लावावे लागले. म्हणजे लागवड सर्वांना खुली केली तर भाव कोसळणार, आणि भाव राखायचा तर परवाने थोड्यांनाच मिळणार. हे थोडे म्हणजे कोण असतील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. कोरडवाहू पाच एकरवाला त्यांत असणार नाही.

बंदीचा भाव कोणाच्या खिशात जातो, याचा अनुभव अकोला जिल्ह्याने कपाशीच्या बियाण्यात घेतलेलाच आहे. अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे १० जून २०१९ रोजी शेतकऱ्यांनी बंदी असलेले तणनाशकसहिष्णू बियाणे उघडपणे पेरले. तत्पूर्वी व त्यानंतरही ते बियाणे चोरून विकले जातच होते. पावती नाही, म्हणून पीक फसले तर तक्रारही नाही. गांजाच्या गिऱ्हाईकाची स्थिती याहून वाईट, कारण पुडीत काय मिसळले आहे हे त्याला कळत नाही.

आता तिजोरीचा विचार. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ५१ व्या नोंदीत, मद्याबरोबरच अफू आणि भांगेच्या झाडापासून होणाऱ्या मादक पदार्थांवरील उत्पादनशुल्काचा अधिकार राज्यांना दिला आहे. उद्या कायदा बदलला, तर हे शुल्क मुंबईच्या तिजोरीत येईल. पण किती? कोलोरॅडोचे उत्पन्न २०२१ मध्ये ४२ कोटी डॉलरच्या वर गेले आणि दोन वर्षांत २८ कोटींच्या खाली उतरले. भाव पडला की भावावर बसविलेला करही पडतो. उलट कॅलिफोर्नियात कर इतके चढले की लोक चोरट्या मालाकडेच राहिले, आणि लागवडीवरील कर १ जुलै २०२२ पासून रद्द करावा लागला. महाराष्ट्राला मद्यापासून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक शुल्क मिळते, आणि तेही अपुरे वाटून जून २०२५ मध्ये दर वाढविण्यात आले. अशा सरकारच्या हाती गांजाचा कर दिला, तर ते सेवन आवरील की गिऱ्हाईक वाढवील? शिवाय हा कर भरणार कोण, तर जुन्या शहरातला तोच हमाल. त्याच्या घरातल्या पिठामिठाच्या पैशातून ते शुल्क जाणार, हे विसरून चालणार नाही.

तरीही आजच्या बंदीचा खर्च लहान नाही. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याखाली एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’ मानला जातो, तरी त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मिळवता मुलगा कोठडीत, वकिलाच्या फीसाठी आईचे दागिने गहाण, सुटून आल्यावर काम नाही. या हानीची नोंद कोणत्याच अर्थसंकल्पात होत नाही. पोलीस, न्यायालय व कारागृह यांचा खर्च वेगळाच. देशात सुमारे १ कोटी ३० लाख लोक गांजा-चरस घेतात, असे केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत दिसले. इतक्यांना कैद करणे कोणालाही शक्य नाही. म्हणून जो गरीब असतो तो सापडतो. स्वतःपुरता गांजा बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी दंड आणि उपचार, व मोठ्या वाहतुकीवर पोलिसांचे सारे बळ, एवढा बदल केला तरी अकोल्यासारख्या शहरात होणारी बचत कोणत्याही शुल्काहून अधिक खात्रीची ठरेल.

शेतकऱ्याच्या दृष्टीने विचारार्ह वाट आहे ती नशेची नव्हे, धाग्याची. याच कायद्याचे कलम १४ धागा व बियाण्यासाठी लागवडीस परवानगी देण्याची सोय करते, आणि उत्तराखंडाने २०१८ पासून नशेचे द्रव्य ०.३ टक्क्यांहून कमी असलेल्या वाणांना वाट दिली आहे. त्यातही मोठे घबाड नाही. परंतु आपल्या हवेत असे वाण टिकते काय, पहिल्या उन्हाळ्यात त्याचे द्रव्य मर्यादेबाहेर जाते काय, आणि धागा घेणारी गिरणी कोठे आहे, हे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवारात दोन-तीन हंगाम लावून पाहता येण्यासारखे आहे. त्यासाठी राज्य सरकारची परवानगी लागेल. ती मागण्यास अकोल्याच्या लोकप्रतिनिधींना कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.